सांचीची टेकडी वाचायची कशी? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सांचीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुख्य स्तूपाच्या उत्तर तोरणासमोरच, म्हणजे त्या बाजूच्या कोरीव दगडी प्रवेशद्वारासमोरच, माझे दोन तास गेले. हत्ती, यक्ष, वेलबुट्टी, मिरवणुकीतली माणसे या सगळ्यांची भरपूर छायाचित्रे घेतली, स्तूपाला घाईघाईने एक फेरी मारली आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून खाली उतरले. घरी आल्यावर मोठ्या भावाने साधा प्रश्न विचारला, "यातले अशोकाने बांधलेले नेमके काय?" मला उत्तर देता आले नाही. इतके लांब जाऊन आपण काय पाहिले हेच सांगता येऊ नये, याची तेव्हा फार रुखरुख लागली. त्यानंतर मी आराखडा हातात घेऊन, सवडीने आणि क्रमाने ती टेकडी पुन्हा पाहिली, आणि मग प्रत्येक खेपेस तोच क्रम पाळत गेले. पहिल्यांदा जाणाऱ्यांची दमछाक वाचावी म्हणून तो क्रम येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. सांची ही एक वास्तू नव्हे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या बाराव्या शतकापर्यंत या टेकडीवर बांधकाम होत राहिले, आणि ते सगळे एकाच माथ्यावर शेजारीशेजारी, कधी एकमेकांवर, तर कधी एकमेकांच्या पोटात उभे आहे. ज्या तोरणांमुळे सांची ओळखली जाते ती मुख्य स्तूपाला सर्वांत उशिरा जोडलेल्या भागांपैकी आहेत. तोरणांपासून सुरुवात करणे म्हणजे वाड्यात शिरण्याआधी दिंडीदरवाज्याचीच नक्षी मोजत बसणे होय. म्हणून माझा आग्रह असा की तोरणे शेवटी पाहावीत.

१. निघण्यापूर्वी : काय जवळ असावे आणि किती वेळ राखावा

सांची मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात, भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. गावाला स्वतःचे रेल्वेस्थानक आहे, पण सगळ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना भोपाळ किंवा सुमारे १० किलोमीटरवरील विदिशा येथे उतरून पुढे बस अथवा रिक्षाने जाणे सोयीचे पडते.

एका दिवसात धावतपळत पाहण्यापेक्षा एक मुक्काम करून दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ अशी विभागणी करावी. याला कारण आहे. कोरीव काम वाचता येते ते तिरप्या उन्हात. पूर्व तोरणाची दर्शनी बाजू सकाळी उजळते, पश्चिमेची दुपारनंतर, आणि भर माध्यान्ही सगळेच कोरीव काम सपाट दिसू लागते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. टेकडीच्या पायथ्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे दुसरा दिवस शुक्रवार येणार नाही असे पाहावे. नोव्हेंबरच्या अखेरीस टेकडीवरील नव्या विहारात बुद्धाचे दोन प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी दर्शनासाठी ठेवल्या जातात. त्या दिवसांत श्रद्धेने जाणाऱ्याने अवश्य जावे. मात्र शांतपणे वास्तू अभ्यासायची असेल तर ती गर्दी टाळावी.

जवळ ठेवण्याच्या वस्तू पुढीलप्रमाणे :

– शासकीय ओळखपत्र. परदेशी नागरिकत्व असणाऱ्यांनी पारपत्र. त्यांचे तिकीट वेगळ्या दराचे असते.
– तिकीट. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर ते आगाऊ काढता येते. वेळ आणि दर तेथेच पाहून घ्यावेत.
– टेकडीचा छापील आराखडा, ज्यावर वास्तूंचे क्रमांक आहेत. याच्याशिवाय जाऊ नये.
– होकायंत्र. मोबाइलमधले चालते.
– लहान दुर्बीण. तोरणाच्या वरच्या तुळया साध्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत.
– वही, पेन्सिल, टोपी आणि भरपूर पाणी. माथ्यावर सावली बेताचीच आहे.

छायाचित्रांसाठी तिपाई वापरायची असल्यास पूर्वपरवानगी लागते. ती नसल्यास तिपाई घरीच ठेवावी.

आराखड्यावरील क्रमांकांविषयी एक सूचना. स्तूप क्रमांक १, २, ३ किंवा मंदिर क्रमांक १७, १८, ४० हे आकडे पुरातत्त्व खात्याने ओळखीसाठी दिलेले आहेत. ते बांधकामाचा कालक्रम दाखवत नाहीत. नवखा माणूस १ नंतर २, २ नंतर ३ असे पाहत जातो आणि शतकांची सरमिसळ करून बसतो.

२. प्रथम दक्षिणेकडे जा : अशोकस्तंभाचा बुंधा

वर पोहोचल्यावर कोणतीही बाजू समोर आली तरी तेथे न थांबता स्तूपाच्या दक्षिण अंगाला जावे. मूळ मुख्य प्रवेश दक्षिणेचा. याचे तीन पुरावे तेथेच उभे आहेत : स्तूपाच्या गोल चौथऱ्यावर, म्हणजे मेधीवर, जाणारा दुहेरी जिना दक्षिणेला आहे, चार तोरणांपैकी सर्वांत आधी उभे राहिले ते दक्षिण तोरण, आणि अशोकाचा स्तंभही याच तोरणाजवळ आहे.

स्तंभाचा आता केवळ बुंधा जागेवर उरला आहे, बाकीचे तुकडे जवळच जपून ठेवले आहेत. उसाचा चरक करण्यासाठी कोणा स्थानिक जमीनदाराने तो फोडल्याची हकिकत येथे उत्खनन करणाऱ्या जॉन मार्शल यांनी नोंदवली आहे. बुंध्यापाशी खाली बसावे आणि त्याचा पृष्ठभाग निरखून पाहावा. चुनारच्या वालुकाश्मावरची ती मौर्यकालीन झिलई बावीसशे वर्षांनंतरही काचेसारखी गुळगुळीत आहे. मग मान वळवून स्तूपाच्या दर्शनी दगडाकडे पाहावे. तो खडबडीत, घणाने घडलेला आणि जांभळट करडा आहे. दोन्हींत काही साम्य नाही, आणि हा फरक डोळ्यांत बसला की भावाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती आले. झिलई अशोकाच्या काळची, तर समोर दिसणारा दगडी स्तूप त्यानंतरच्या काळातला.

या स्तंभावर ब्राह्मी लिपीत आज्ञा कोरलेली आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर राहायला लावावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे अशोकाच्या काळीच येथे शिस्तीची काळजी करावी इतका मोठा भिक्षुसंघ नांदत होता.

३. स्तूप क्रमांक १ : बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर

स्तूपाला आत जाण्याचे दार नसते. मंदिराची सवय असलेला माणूस नकळत गाभारा शोधू लागतो, पण स्तूप ही आतून भरीव वास्तू आहे आणि तिची पूजा बाहेरून, उजवीकडे ठेवून फिरण्याने होते. हे एकदा मनात पक्के केले की बाकीची रचना आपोआप उलगडते.

तिचे थर असे समजून घ्यावेत. सर्वांत आत अशोककाळातील विटांचा स्तूप आहे. त्याचा व्यास आजच्या व्यासाच्या जवळपास निम्मा होता. तो आपल्याला दिसत नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, शुंगांच्या काळात, त्याभोवती दगडाचे आवरण चढवून त्याचा आकार दुपटीने वाढवण्यात आला. आजचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आणि उंची, वरची हर्मिका व छत्रे वगळून, सुमारे १६.५ मीटर आहे. हे दगड चुन्याशिवाय, नुसते थरावर थर रचलेले आहेत. त्यावर पूर्वी जाड गिलावा होता. आज आपण पाहतो ते गिलावा गळून गेलेले अंग आहे. मूळचा भाविक ज्याला प्रदक्षिणा घालत असे तो स्तूप गुळगुळीत होता, हे डोळे मिटून क्षणभर कल्पावे.

आता भागांची नावे. खालचा ढोलासारखा गोल चौथरा म्हणजे मेधी. तिच्यावरचा अर्धगोल म्हणजे अंड. अंडाचा माथा मुद्दाम सपाट ठेवलेला असतो, आणि तेथे चौकोनी कठड्याची हर्मिका असते. हर्मिकेच्या मधोमध उभी काठी ती यष्टी, आणि यष्टीवर एकावर एक तीन छत्रे. छत्र हे राजाचे चिन्ह आहे. बुद्धाच्या स्मृतीला चक्रवर्तीचा मान द्यावा ही कल्पना वास्तूच्या शेंड्यावर अशी दगडात उतरली आहे. दक्षिणेचा दुहेरी जिना मेधीच्या माथ्यावरील अरुंद वाटेवर नेतो, त्यामुळे प्रदक्षिणापथ दोन आहेत, एक जमिनीवरचा आणि एक वरचा.

येथे एका गोष्टीत फसायला होते. समोर दिसणारे सगळेच प्राचीन जसेच्या तसे उरले आहे असे समजू नये. १८१८ मध्ये जनरल टेलर यांनी या स्तूपांची नोंद केली तेव्हा मोठा स्तूप बराच सुस्थितीत होता. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन यांनी तो वरपासून खालपर्यंत एका बाजूने फोडला. आत काही सापडले तर नाहीच, उलट त्या भगदाडामुळे पश्चिम तोरण आणि कठड्याचा काही भाग कोसळला. १८८१ ते १८८३ या काळात मेजर कोल यांनी भगदाड बुजवून पश्चिम आणि दक्षिण तोरणे पुन्हा उभी केली, आणि १९१२ ते १९१९ या वर्षांत मार्शल यांनी उत्खनन व जतनाचे पद्धतशीर काम केले. माथ्यावरची हर्मिका आणि छत्रे सापडलेल्या अवशेषांवरून त्यांनीच पुन्हा बसवली. हे सांगण्यामागे कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. उत्खनित स्थळ पाहताना मूळ किती आणि जोडलेले किती, हा प्रश्न सतत जागा ठेवावा लागतो, एवढेच.

४. वेदिका : दगडात केलेले सुतारकाम

माझ्या मते सांचीतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे जमिनीवरचा हा उंच दगडी कठडा. त्यावर नक्षी जवळजवळ नाही, म्हणून लोक त्याच्या बाजूने सरळ निघून जातात. तुम्ही मात्र येथे किमान अर्धा तास थांबा.

उभ्या खांबांना स्तंभ, आडव्या तीन पट्ट्यांना सूची आणि सर्वांत वरच्या गोलसर शिळांना उष्णीष म्हणतात. सूची म्हणजे सुई. ती खांबात ओवलेली असते म्हणून हे नाव. एखाद्या सूचीचे टोक जेथे खांबात शिरते तेथे बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा : सूची मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना निमुळती, मसुराच्या डाळीसारखी आहे, आणि खांबाला नेमक्या त्याच आकाराची खाच आहे. खांब आधी सगळे उभे करून मग सूची घालता येणार नाही हे लगेच ध्यानात येते. एक खांब रोवायचा, त्याच्या खाचांत तीन सूची बसवायच्या, मग त्यांच्या दुसऱ्या टोकांवर पुढचा खांब आणायचा, असेच काम पुढे सरकले असणार. लाकडाचे कुंपण असेच बांधतात. आता वर उष्णीषाकडे पाहा. दोन शिळांचा सांधा सरळ उभा नसून तिरपा कापलेला आहे. लाकडाचे दोन वासे जोडताना असा तिरपा काप देणे स्वाभाविक असते. दगडाला त्याची काही गरज नाही. कारागिराचे हात लाकडावर तयार झाले होते, आणि नव्या साहित्यातही ते हात जुनीच सवय चालवत होते.

भाजे किंवा कार्ले येथील चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, छत ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट चटकन पटेल. तेथे डोंगर पोखरून केलेल्या छताला लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत, आणि त्या छत पेलण्यासाठी नाहीत. आपल्या सह्याद्रीत जे लेण्यांच्या रूपात दिसते तेच सांचीत बांधीव रूपात दिसते : लाकडाची आठवण धरून बसलेला दगड.

याच वेदिकेवर दानलेख आहेत, आणि ते शेकड्यांनी आहेत. एखादा खांब किंवा एखादी सूची कोणी दिली ते तिच्यावरच कोरलेले आहे. दाते भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, गृहस्थ आणि त्यांच्या बायका आहेत. विदिशा, उज्जयिनी अशा गावांची नावे येतात. ब्राह्मी येत नसली तरी एक शब्द ओळखायला शिका : लेखाच्या शेवटी येणारा "दानं". यातला "न" म्हणजे आडव्या रेघेवर उभी ठेवलेली एक रेघ, आणि तिच्याजवळ अनुस्वाराचा ठिपका. त्याआधीचे वळणदार अक्षर म्हणजे "दा". पुन्हा पुन्हा लेखाच्या शेवटी येणाऱ्या याच शब्दावरून जेम्स प्रिन्सेप यांना १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडण्याचा धागा मिळाला. मला तो शब्द पहिल्यांदा स्वतःहून सापडला तो एका साध्या खांबावर, आणि त्या दिवसापासून मला हा कठडा मुका वाटलेला नाही. तो कोणा एका राजाचा नसून गावोगावच्या माणसांनी खांबाखांबाने उभा केलेला आहे.

५. माथ्यावरची चैत्यगृहे आणि मंदिरे

येथे फार वेळ लागत नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे.

मंदिर ४० हे दक्षिणेकडे आहे. त्याचा सर्वांत जुना टप्पा मौर्यकाळाइतका मागे जातो. दगडी जोत्यावर लाकडी, एका टोकाला अर्धगोल असे चैत्यगृह होते आणि ते आगीत नष्ट झाले. नंतर त्याच जोत्याचा विस्तार करून ५ रांगांत १० प्रमाणे ५० खांबांचा मंडप उभारला गेला. आज खांबांचे बुंधे दिसतात. एका जोत्यावर दोन पूर्णपणे निराळे आराखडे कसे येतात, हे शिकण्यासाठी ही जागा उत्तम आहे.

मंदिर १८ मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणासमोर आहे. त्याचे उंच, एकसंध दगडी खांब इसवी सनाच्या सातव्या शतकातले आहेत, पण त्याखाली आणखी जुन्या बांधकामांच्या जमिनी सापडल्या आहेत. आराखडा मात्र कार्ल्यासारखाच : लांबट सभागृह, शेवटी अर्धगोल, दोन्ही बाजूंनी खांबांची रांग आणि त्यामागून फिरण्याची वाट. कार्ल्यात डोंगरामुळे ही रचना बंदिस्त आहे. येथे भिंती आणि छत गेल्यामुळे तीच रचना उघडी पडली आहे, जणू सांगाडाच. लेण्यांची सवय असलेल्या मराठी माणसाने येथे उभे राहून मनातल्या मनात छत चढवून पाहावे.

त्याच्याच शेजारी मंदिर १७ आहे. लहानसा चौकोनी गाभारा, पुढे चार खांबांचा मंडप, सपाट छत, बस. घाईतला माणूस याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते गुप्तकाळाच्या आरंभीचे, पाचव्या शतकातले असून भारतात उरलेल्या सर्वांत जुन्या बांधीव मंदिरांपैकी एक आहे. शिखराच्या आधीचे मंदिर कसे होते ते येथे कळते. मग पूर्वेच्या अंगाला असलेल्या मंदिर ४५ कडे जावे. ते नवव्या-दहाव्या शतकातले, शिखर असलेले आणि दारावर गंगा-यमुना कोरलेले आहे. गंगा-यमुना दिसल्या म्हणजे हे हिंदू देऊळ असा निष्कर्ष येथे हमखास काढला जातो आणि तो चुकीचा ठरतो, कारण आत भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध बसलेला आहे. नद्यांच्या देवता ही त्या काळाच्या द्वारशाखेची, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीची, सर्वसाधारण रीत होती.

६. पश्चिम उतार : विहार ५१ आणि स्तूप क्रमांक २

दुपार कलू लागली की पश्चिमेचा उतार धरावा. थोडे खाली विहार ५१ लागतो. मधे चौक, चौकाभोवती ओसरी आणि ओसरीवर उघडणाऱ्या भिक्षूंच्या खोल्या. चौसोपी वाडा ठाऊक असलेल्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अजिंठ्यातील विहारही याच आराखड्याचे आहेत, फरक इतकाच की तेथे चौकावर डोंगर आहे आणि येथे आभाळ. खोल्यांच्या रुंदीचा अंदाज घ्या. एका माणसाला निजण्याइतकी जागा. जवळच एकाच दगडातून घडवलेले मोठे पात्र आहे, तेही पाहावे.

आणखी खाली, मुख्य स्तूपापासून सुमारे तीनशे मीटरवर, स्तूप क्रमांक २ आहे. बहुसंख्य लोक येथपर्यंत येतच नाहीत, आणि ही माझ्या दृष्टीने सांचीच्या सहलीतली सर्वांत मोठी चूक आहे. याला तोरण नाही. पण वेदिकेच्या खांबांवर गोल पदकांतून कमळे, हत्ती, घोडे, पुराणकथांतले किन्नर, काल्पनिक प्राणी कोरलेले आहेत, आणि ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचे, म्हणजे तोरणांच्या आधीचे आहेत. कोरणी उथळ आहे. आकृत्या दगडाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, माणसे समोरून सरळ पाहतात. चार-पाच पदकांची पेन्सिलीने रेखाटने करून ठेवावीत. चित्र चांगले येण्याची गरज नाही, हात फिरला की डोळा थांबतो. दुसऱ्या दिवशी तोरणांसमोर ही वही उघडायची आहे.

हा स्तूप माथ्यावर न बांधता उतारावर का बांधला असावा, असा प्रश्न पडतो. १८५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांना यात अनेक भिक्षू-आचार्यांच्या अस्थी नावांसह मिळाल्या. बुद्धाच्या स्तूपाच्या बरोबरीने शिष्यपरंपरेतील आचार्यांचा स्तूप माथ्यावर नको, अशी मर्यादा पाळली गेली असावी हे मला पटते. मात्र बुद्धाचे दोन अग्रश्रावक सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी ज्यात मिळाल्या तो स्तूप क्रमांक ३ माथ्यावर, मोठ्या स्तूपाच्या ईशान्येला आहे. तो लहान असून त्याला दक्षिणेकडे एकच तोरण आहे. या अस्थी इंग्लंडला गेल्या होत्या. त्या परत आणून १९५२ मध्ये येथील नव्या विहारात ठेवण्यात आल्या.

७. दुसऱ्या दिवशी सकाळी : तोरणे

आता तोरणांसमोर उभे राहायला हरकत नाही. आधी त्यांची जागा पाहा. वेदिकेच्या प्रत्येक दाराशी काटकोनात वळण आहे, त्यामुळे तोरणातून शिरलेला माणूस सरळ स्तूपावर जाऊन आदळत नाही, त्याला वळून आत जावे लागते. साधी वेदिका आधीची, आणि तोरणे व त्यांना वेदिकेशी जोडणारा छोटा कठडा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सातवाहनांच्या काळात जोडलेला. उभारणीचा क्रम दक्षिण, उत्तर, पूर्व, पश्चिम असा मानला जातो. खांबांच्या माथ्यावरून तोरणे ओळखणे सोपे आहे : दक्षिणेला सिंह, उत्तरेला व पूर्वेला हत्ती, पश्चिमेला ठेंगणे यक्ष.

दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर कोरलेल्या स्तूपावर एक लेख आहे : राजा श्री सातकर्णी याच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद याचे हे दान. नाणेघाट आणि पैठण ज्यांच्या ओळखीचे आहे अशा मराठी वाचकाला हे नाव परके नाही. दुर्बीण लागते ती येथेच. याच तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी हे रूपकाम केले, असा लेख आहे. खांबावरची बारीक, दाट, एकही जागा रिकामी न सोडणारी कोरणी आणि हस्तिदंताचे काम यांचे नाते मग डोळ्यांनीच कळते. याच तोरणाबाबत एक इशारा : १८८२-८३ च्या जीर्णोद्धारात याची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची तुळई चुकून उलट बसली, दर्शनी बाजू स्तूपाकडे गेली. म्हणून येथे आतल्या बाजूनेही अवश्य पाहावे.

सर्वांत मोठी गफलत बुद्धाच्या बाबतीत होते. लोक तोरणांवर बुद्धमूर्ती शोधतात. तेथे ती नाही. बुद्ध सुचवला आहे तो बोधिवृक्षाने, रिकाम्या आसनाने, चक्राने, पावलांनी, छत्राने. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईची दर्शनी बाजू सकाळच्या उन्हात पाहा. डावीकडे नगर आहे. त्यातून एक घोडा बाहेर पडतो आहे, त्याच्या पाठीवर कोणी नाही, पण वर छत्र धरलेले आहे. तोच घोडा पुढे पुन्हा, आणि पुन्हा कोरला आहे. शेवटी उजव्या टोकाला छत्राखाली फक्त पावले उमटली आहेत, आणि घोडा उलट फिरला आहे. आता त्याच्यावर छत्र नाही. सिद्धार्थाचे गृहत्याग करून जाणे एवढ्या छत्राच्या असण्यानसण्यावर सांगितलेले आहे. हे पाच घोडे वेगवेगळे नव्हेत, एकाच घोड्याच्या प्रवासाचे ते टप्पे आहेत, हे न कळल्यास संपूर्ण पट नुसती मिरवणूक वाटते.

याच तोरणाच्या टोकाशी, तुळईखाली, झाडाची फांदी धरून झुकलेली शालभंजिका आहे. तिच्याजवळ कालची वही उघडावी. स्तूप क्रमांक २ वरच्या चिकटलेल्या, सपाट आकृत्या आणि पाठीमागे मोकळे आकाश ठेवून वळलेली ही स्त्री, यांच्यात शंभर वर्षांच्या आसपासचेच अंतर आहे.

मग वेदिकेच्या आत शिरून उजवीकडे स्तूप ठेवून प्रदक्षिणा करावी. चारही दारांसमोर, मेधीला पाठ टेकून, बुद्धमूर्ती बसलेल्या दिसतील. त्या गुप्तकाळातल्या आहेत. वेदिकेवरील इसवी सन ४५०-५१ च्या एका दानलेखात या चार बुद्धांच्या आसनापाशी दिवे लावण्यासाठी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. तोरणावर रिकामे आसन आणि चार पावले आत प्रत्यक्ष मूर्ती. या दोहोंत पाच शतके आहेत.

८. उतरताना संग्रहालय

संग्रहालय आधी पाहू नये, शेवटीच पाहावे, कारण तेथे ठेवलेल्या वस्तूंची मूळ जागा आता तुम्हाला ठाऊक झालेली असते. १९१९ मध्ये मार्शल यांनी ते टेकडीवर सुरू केले आणि १९६६ मध्ये ते पायथ्याशी हलवले गेले. सगळी दालने पाहण्याइतका वेळ नसेल तर निदान अशोकस्तंभाचे शीर्ष पाहावे : पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. सारनाथच्या राजमुद्रेची सवय असल्यामुळे आपण त्याखाली चक्र शोधतो, पण येथे पट्टीवर हंसांच्या जोड्या आहेत आणि त्यांच्या मधोमध पानाफुलांची नक्षी. जवळ जाऊन सिंहांच्या अंगावरची झिलई पाहावी. काल दक्षिण तोरणाजवळ वाकून पाहिलेल्या बुंध्यावर होती तीच ही.